मुकादमांची बिनहॉर्नची गाडी

वाशीम जिल्ह्यात आमच्या घरमालकांच्या चपलांचे निदान पाच जोड बेवारस पडलेले असतील. त्यातला एकही तुटला म्हणून टाकलेला नाही की चोरीला गेलेला नाही. गाडीत बसण्याआधी ते दाराशी चपला काढत, उंबऱ्याबाहेर काढाव्यात तशा शेजारी शेजारी नीट लावत, आत बसत आणि निघून जात. गाडी जायची, चपला राहायच्या. एक जोड रिसोडच्या बाजारात, एक कारंज्याला व्याह्यांच्या दारात, एक मंगरुळपीरला चहाच्या टपरीपुढे. घरी येऊन उतरताना तळपाय जमिनीला टेकला की त्यांच्या लक्षात यायचं. काकू ओसरीतून बघतच असायच्या.

"पाय तरी आनले ना घरी? बस झालं," असं म्हणून त्या आत जायच्या.

मी त्यांचा भाडेकरू. कॉलेजात शिकवायला नाशिककडून वाशीमला आलो होतो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहायचो. गल्लीत सगळे त्यांना मुकादम म्हणत. मी काका म्हणायचो. ते मला 'सर' म्हणायचे, आणि कितीही सांगितलं तरी 'तुमी'वरून खाली यायचे नाहीत.

अनवाणी गाडी का चालवता, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं. "पस्तीस वर्षं गरम डांबराच्या कडेले उभा राह्यलो, सर. पायाले सगळं समजते. मधात चप्पल आली का पाय बहिरा होते," असं त्यांनी ऐकवलं. मला ते पटलंही. पुढे काकूंनी खरं काय ते सांगितलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने गाडी आणून अंगणात उभी केली, तेव्हा काकांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि बसताना आपोआप चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा हसला, तसे काका ओशाळले, आणि ओशाळल्यावर माघार घेणं त्यांच्या रक्तात नसल्यामुळे तोच कायमचा नियम झाला.

ते रस्त्यावरचे माणूस. आधी रोजंदारीवर गिट्टी फोडली, मग मैलकुली झाले. मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या नावाने लावलेला असतो तो मजूर. खड्डे बुजवायचे, बाभळी छाटायच्या, नाल्या काढायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लावायचा. निवृत्त झाले तेव्हा मुकादम होते. काकू त्यांच्याच टोळीत डोक्यावर घमेलं वाहायच्या, लग्न त्यानंतरचं. म्हणजे या दोघांनी मिळून जिल्ह्यातले किती रस्ते केले आणि त्यावरून गेलेल्या किती गाड्यांची धूळ खाल्ली, याला मोजमाप नाही. आणि गाडी शिकले एकसष्टाव्या वर्षी. गाडी शिकवणारा पोरगा त्यांच्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, "काका, रस्त्याकडे पाहा." काका म्हणाले, "बापू, मी दुसरीकडे पाह्यलंच नाही आजवर."

गाडी विजेची निघाली, तेव्हा गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. पानवाला म्हणाला, पावसात बसाल तर शॉक लागतो. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, आपल्याकडच्या मे महिन्यात माणसाचं डोकं फुटतं तिथं बॅटरी काय टिकणार! कुणी म्हणालं, बॅटरी गेली की कोंबड्या ठेवायच्या कामाची. ज्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती तो चार्जिंगला किती तास लागतात हे सांगत होता. मीही मागे नव्हतो. माझ्याकडे डिझेलची गाडी होती आणि वाशीम ते अकोला सव्वा तासात, हे माझ्या आयुष्यातलं तेव्हाचं मोठं कर्तृत्व होतं. मी म्हणालो, "काका, आवाजच नाही ती गाडी कसली? चालवल्यासारखं वाटत नाही."

"तेच तं भारी हाये," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं कानाजवयून रोलर गेला, ट्रक गेले. आता म्हातारपनी थोडं शांत जाऊ द्या ना मले."

पण त्यांना सगळ्यात अप्रूप वाटायचं ते उताराचं. उतारावर पाय उचलला की चाकं बॅटरी भरतात, हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी ते आल्याआल्या गाडी धुवायलासुद्धा विसरले. "काय अक्कल लावली असन, सर! उतार वाया जात नाही. आमी एवढे उतार बनवले, सगळे फुकटच गेले की हो आजवर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हसणार होतो, पण हसू आलं नाही.

आता त्यांचा हॉर्न. ते हॉर्न वाजवत नसत. म्हणजे कमी वाजवत, असं नाही. तीन वर्षांत मी तो ऐकलाच नाही. वाशीमच्या पाटणी चौकात ऑटो, म्हशी, मोटरसायकलवर चौघं, एसटी, उसाचा ट्रॅक्टर असा सगळा गोतावळा जमलेला असायचा, आणि त्यात ही एकच गाडी मुकी. समोरचा हलेपर्यंत ते थांबायचे. मागचे शिव्या घालायचे. एकदा मी बाजूला बसून अक्षरशः तळमळत होतो. पुढे एक बाई भाजीवाल्याशी घासाघीस करत रस्त्याच्या मधोमध उभी.

"काका, वाजवा की एकदा!"

"काहून?"

"सरकेल ती."

"मेथी घेऊन राह्यली ना ते. घेतली का सरकते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या पाठीमागं कोनी हॉर्न मारला का कधी, सर? डोक्यावर घमेलं, खाली ऊन ऊन डांबर, अन् मागून भोंगा. काळजात गोळा येते. मी तवाच ठरवलं होतं, आपन गाडी घेतली तं हॉर्नले हात लावाचा नाही."

मैलकुलीने कधी काळी असं ठरवलं होतं, याचंच मला नवल वाटलं. तेव्हा तर त्यांच्याकडे फक्त सायकल होती.

माणसं ते गतिरोधकावर ओळखत. ब्रेकर दिसला की जो आधीच हळू होतो तो घरचा बरा, जो ऐनवेळी ब्रेक दाबतो त्याची बायको दमलेली असणार, आणि जो कडेच्या फटीतून दोन चाकं काढतो त्याला जामीन राहू नये. आम्ही दोघं घराच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं हे भविष्य बघत असू. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुमी गाडी चालवत नाही, सर. तुमी हाकलता. राग नोको मानू." राग मी मानला. दोन दिवस मानला.

त्यांच्या डिकीत एक फावडं, एक घमेलं आणि मुरूमाची दोन पोती कायम असायची. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर कारंज्याला निघालो. माझं तिथं अकराला काम होतं. मंगरुळपीरच्या पुढे ते एकदम कडेला थांबले, अनवाणी उतरले आणि एका खड्ड्यात मुरूम टाकून फावड्याच्या पाठीने धोपटायला लागले. असं चार वेळा. ऊन वाढत होतं. माझं घड्याळाकडे बघणं त्यांनी पाहिलं.

"हा तुकडा माहा होता," एवढंच म्हणाले. मग एका मोरीपाशी गाडी आणखी हळू केली. "हिच्याखाली पाइप टाकताना कंबरभर पान्यात उभा होतो. आज एसीत बसून वरून चाललो. थोडं पाहू द्या."

मी कारंज्याला साडेबाराला पोचलो. काम बुडालं नाही, कारण ज्यांच्याकडे काम होतं ते एकला आले.

पण खरा मी हरलो तो रिठदच्या वाटेवर. रस्ता नजर जाईल तिथवर सपाट होता, थोडा पुढे चढतोय असंच वाटत होतं. मी सहज म्हणालो, "इथून चढ आहे ना?" काका म्हणाले, "उतार हाये." मी पैज लावायच्या बेतात होतो. त्यांनी मागे-पुढे कोणी नाही बघून गाडी थांबवली, न्यूट्रल केली आणि पाय उचलून मांडी घातली. गाडीने क्षणभर विचार केला आणि हळूच, अगदी मुंगीच्या पावलांनी, पुढे निघाली. त्या 'चढा'वर. आवाज नाही, काही नाही. मी सीट धरून बसलो होतो, आणि ते खिडकीबाहेर बघत होते. माणसाला जमीन इतकी कळू शकते, हे मी पुस्तकांत राहणारा माणूस त्या दिवशी शिकलो. त्यानंतर मी त्यांच्याशी रस्त्याबद्दल वाद घातला नाही.

मुलाने गाडी दिली होती ती एका अटीवर. काकांनी साठी ओलांडली होती आणि पुण्यात बसून मुलाला रोज त्यांचा अपघात दिसायचा. त्याने काकूंच्या देखत सांगितलं होतं, "बाबा, एक ओरखडा दिसला, किंवा कुठं अडकले अन् कोनाले बोलवा लागलं, तं चावी मी घेऊन जाईन." काका हो म्हणाले. स्वतःची एक अट त्यांनी वर घातली. दिवे लागले की चावी खुंटीला. संध्याकाळचं त्यांना जरा धूसर दिसायचं, हे त्यांनी मलाच सांगितलं होतं, मुलाला नाही. त्या चावीत त्यांचा जीव होता. सकाळी ती खिशात घालताना ते जसे ताठ होत, तसे निवृत्तीच्या सत्कारात शाल घेतानाच्या फोटोतही दिसत नाहीत.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला होतं. माझी कर्तबगार डिझेल गाडी नेमकी गॅरेजमध्ये. काका म्हणाले, "मी हाओ ना." सोयाबीन काढणीचे, ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस. रात्री लाइट गेल्यामुळे बॅटरी पूर्ण भरली नव्हती, पण अकोल्यात भरून घेऊ असं ठरलं. जाताना घाट उताराचा, त्यामुळे काका खुशीत. घोळ केला तो मी. ऑपरेशन चाललं असताना त्यांची गाडी घेऊन मी औषधांसाठी अकोलाभर माझ्या पद्धतीने हिंडलो, आणि नंतर आईला एसी लावून गाडीत तासभर बसवून ठेवलं. चार्जिंगच्या ठिकाणी गेलो तर तिथलं यंत्र बंद. दुसरीकडे रांग. आई पट्टी बांधलेल्या डोळ्याने म्हणाली, "घरी चल रे."

पातूर आलं तेव्हा पडद्यावर वीस टक्के होते. गाडी म्हणत होती, अडतीस किलोमीटर जाईन. वाशीम पन्नासच्या वर होतं, आणि मधे घाट, तोही आता चढाचा.

"काका, एखाद्या ढाब्यावर प्लगला लावू."

"साध्या प्लगवर रात्र होईन. रात्री मी चालवत नाही."

"मग मी चालवतो."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. अकोल्यात मी काय केलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग मागे वळून आईला म्हणाले, "माय, खिडकी उघडतो. थोडं गरम होईन." आणि एसी बंद केला.

पुढचा दीड तास मी विसरणार नाही. पेच साधा होता. वेगाने जावं तर बॅटरी संपणार, हळू जावं तर अंधार गाठणार. कुठंही अडकलो की फोन करावा लागणार, आणि फोन केला की चावी गेली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. उघडा पाय त्या पेडलवर असा ठेवलेला, जसा निजलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा. घाटात मागून ट्रक भोंगे वाजवत होते. ते वळणावर कडेला होऊन एकेकाला वाट देत होते. "आता हे टेकाड संपलं का थोडा सपाट हाये," म्हणायचे, आणि असायचा. "इथं पाय उचलतो, नाल्यापर्यंत तेच जाते," म्हणायचे, आणि गाडी खरंच नाल्यापर्यंत जायची आणि आकडा तिथल्या तिथं राहायचा. मेडशीला बारा. रस्त्याच्या कडेला लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं. त्याच्यावर चाक न घालता ते गाडी बोटभर अंतराने काढत होते. मालेगावला आठ. मी देवाचं नाव घेत होतो, आई घेत होती. काका उतारांची नावं घेत होते. हा मोठा माणूस आहे, हे मला त्या गाडीत अगदी स्पष्ट कळलं, आणि त्याला मी तीन वर्षं हळू चालवतो म्हणून हसलो याची लाज वाटली.

गल्लीत शिरलो तेव्हा पडद्यावर तीन होते आणि पहिला दिवा अजून लागायचा होता. मी उतरून ओरडलोच. मास्तर आले, पानवाला आला. "तीन टक्के! पातूरपासून!" मी सगळ्यांना सांगत सुटलो. पानवाल्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. काकूंनी आईला धरून आत नेलं. काका गाडीतून उतरले, चार्जिंगची वायर लावली आणि माझा दंड धरून मला बाजूला नेलं. चावी माझ्या हातात ठेवली.

"हे ठेवा. आता मी नाही चालवत."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"मालेगावच्या अलीकडं टोळी होती. खड्डे भरून राह्यले होते. एक बाई घमेलं घेऊन कडेनं चालली होती. तुमाले दिसली?"

"नाही. मी आकडा बघत होतो."

"मलेबी नाही दिसली. आरशात दिसली, मागं गेल्यावर. हातभर अंतर होतं, सर." "मी सोयाबीन पाह्यलं, अन् बाई नाही पाह्यली."

"काका, काही झालं नाही. कोणाला दिसलंसुद्धा नाही. मुलाला कोण सांगणार आहे?"

"कोनाले दिसलं नाही म्हनता. तेच तं सांगून राह्यलो, मलेबी दिसलं नाही." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. काकू आईला पाणी देत होत्या. "हे पंधरा वर्षं घमेलं घेऊन अशीच कडेनं चालली. मी लाल झेंडी घेऊन पुढं उभा राहो. गाडीवाल्याच्या डोयात पाहो मी. ज्याले आपन दिसलो नाही ना, ते लगेच समजते."

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला स्वतः फोन लावला. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ना ओरखडा होता, ना कुठं अडकलो होतो. त्यांनी बाईची गोष्ट जशीच्या तशी सांगितली आणि "चावी सरांजवय हाये" म्हणून फोन ठेवला. मी वर गेलो आणि मला रडू आलं. आईने विचारलं, डोळ्याचं ऑपरेशन माझं झालंय, तू का रडतोस?

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "सर, मालेगावकडं जाऊन येऊ. तुमी चालवा." मी चाळीसच्या वर गेलो नाही. ते डावीकडे बसले होते. टोळी अजून तिथंच, थोडी पुढे सरकलेली. मी गाडी लांब थांबवली. काका उतरून गेले, एकेका बाईचा चेहरा बघत, आणि एका काटकुळ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईपाशी थांबले. मी मागे होतो.

"बाई, मांगच्या मंगळवारी संध्याकाळी माही गाडी तुह्या अंगावरून गेली असती. मले तू दिसली नाही. म्हनून आलो."

ती गोंधळली. मग हसली. "कवा बा? मले तं काहीच समजलं नाही."

"पांढरी गाडी. लय जवयून गेली."

"नाही बा. गाडी गेली असती तं आवाज आला असता ना."

तिच्या घमेल्यात मुरूम भरलेला होता. घमेलं काकांनी तिच्या डोक्यावरून उतरवलं, मुरूम नेऊन खड्ड्यात ओतला आणि रिकामं घमेलं परत आणून दिलं. मग गाडीकडे आले. डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. मी खाली पाहिलं. चपला त्यांच्या पायातच होत्या.

मी गाडी सुरू केली. नेहमीसारखी ती सुरू झाल्याचं कोणाला कळलंच नाही. पुढे बाया पाठमोऱ्या, ओळीने कडेने चाललेल्या. मी थांबूनच होतो, त्यांनी बाजूला व्हावं म्हणून; काकांनी शिकवलेलंच करत होतो.

"सर, वाजवा," ते म्हणाले.

माझा हात उठेना. तेव्हा त्यांनीच हात लांबवला, स्टिअरिंगच्या मधोमध तळवा ठेवला आणि हलकेच, एकदाच दाबला. सगळ्या बायांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं.